इंग्रजी देशांत नवे असाल तर: शब्द, शिव्या आणि हातवारे कसे सांभाळावेत

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात बँड मिळवून लंडनला, डब्लिनला किंवा मेलबर्नला पोचलेल्या माणसाला व्याकरण क्वचितच दगा देतं. दगा देतात ते हात, मालिका बघून उचललेले शब्द आणि आपल्याकडे कुणाला न खटकणाऱ्या सवयी. यातलं काहीच परीक्षेत विचारत नाहीत. चूक झाली तरी समोरचा सहसा तोंडावर बोलत नाही. तो गप्प होतो, पुढच्या वेळी टाळतो, नाहीतर सरळ एचआरकडे जातो. म्हणून ही तयारी निघण्याआधीच करून ठेवा.

सोबत काय लागेल

- शब्दाशेजारी ‘व्हल्गर’, ‘ऑफेन्सिव्ह’, ‘टॅबू’ असे शिक्के देणारा शब्दकोश. ऑक्सफर्ड लर्नर्स किंवा मेरियम-वेबस्टर चालेल, ऑस्ट्रेलियासाठी मॅक्वारी बघा. अर्बन डिक्शनरीत कुणीही काहीही लिहू शकतं. तिथून अर्थाचा अंदाज येतो, पण शब्द कोणत्या देशात किती जड आहे ते कळत नाही.
- ब्रिटनला जाणार असाल तर ऑफकॉम या तिथल्या प्रसारण नियामकाची अपशब्दांची यादी. लोकांना विचारून ते शब्दांची सौम्य ते तीव्र अशी वर्गवारी करतात. ती मोफत वाचायला मिळते.
- कॉलेजची किंवा कंपनीची आचारसंहिता. ऑफर लेटरबरोबर येते आणि न वाचता सही होते. त्यातला ‘हॅरॅसमेंट’चा भाग तरी वाचा.
- मोबाइलवर काढलेला तुमचा स्वतःचा पाच मिनिटांचा व्हिडिओ. मित्राशी उभ्याने, मोकळेपणाने गप्पा मारतानाचा. त्याचा उपयोग दुसऱ्या पायरीत आहे.

## पायरी १: देश पक्का करा

ढोबळमानाने दोन कळप आहेत. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एका बाजूला. अमेरिका आणि बऱ्याच अंशी कॅनडा दुसऱ्या बाजूला. दक्षिण आफ्रिका पहिल्या कळपाच्या जवळ, पण तिचे स्वतःचे नियम आहेत. आपली अडचण अशी की शाळेत आपण ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलो आणि नंतर अमेरिकन मालिका बघितल्या. त्यामुळे आपल्या बोलण्यात दोन्हीकडचे शब्द मिसळलेले असतात. पुढची प्रत्येक पायरी वाचताना ‘मी जातोय त्या देशात’ हे डोक्यात ठेवा.

## पायरी २: हात तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शब्द बोलण्याआधी क्षणभर विचार करता येतो, हात आपोआप उठतात. तो व्हिडिओ आवाज बंद करून बघा आणि पुढच्या गोष्टी शोधा.

दोन बोटं. तर्जनी आणि मधलं बोट वर केलं आणि तळवा समोरच्याकडे असला, तर तो विजय किंवा शांतता. तळवा स्वतःकडे आणि हाताची पाठ समोरच्याकडे गेली, की ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ती मधल्या बोटाच्या तोडीची शिवी होते. अमेरिकेत हा फरकच नाही, आणि तिथली माणसंही इथेच फसतात. १९९२ साली राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी ऑस्ट्रेलियात, कॅनबेरात गाडीतून निदर्शक शेतकऱ्यांना शांततेची खूण केली, पण हात उलटा होता. युद्धकाळात ही खूण प्रसिद्ध करणारे चर्चिलसुद्धा सुरुवातीला काही वेळा उलटा हात दाखवत.

१४१५ च्या इंग्रज-फ्रेंचांच्या अझॅनकूरच्या लढाईतल्या इंग्रज धनुर्धाऱ्यांनी ही शिवी सुरू केली, अशी गोष्ट तुम्हाला कुणीतरी पबमध्ये नक्की सांगेल. तिला त्या काळातला पुरावा नाही. खात्रीचा जुना पुरावा १९०१ चा आहे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या पार्कगेट लोखंड कारखान्याबाहेर चित्रीकरण चालू असताना एका कामगाराने कॅमेऱ्याला ही खूण केलेली दिसते.

आपला हात उलटा होतो तो तीन ठिकाणी: सेल्फीत, गोंगाटात ‘दोन’ सांगताना आणि दुरून कुणाला ‘दोनच मिनिटं’ अशी खूण करताना. पबमध्ये दोन पिंट मागताना तळवा बारमनकडे ठेवा, किंवा अंगठा आणि तर्जनी मिळून दोन दाखवा. घरी आरशासमोर दहा-पंधरा वेळा केलं की हाताला वळण लागतं.

मधलं बोट. मुद्दाम कुणी दाखवत नाही, पण चष्मा वर सरकवताना, लॅपटॉपच्या पडद्यावर ओळ दाखवताना, फळ्यावरचा आकडा दाखवताना अनेकांचं मधलं बोट पुढे येतं. व्हिडिओ कॉलवर चष्म्याची सवय फार ठळक दिसते. तर्जनी वापरा, चष्मा बाजूच्या काडीला धरून सरकवा. मुद्दाम दाखवलेल्या बोटाची किंमत काय असते ते २०१२ च्या सिडनी कसोटीत दिसलं. प्रेक्षकांना मधलं बोट दाखवल्याबद्दल विराट कोहलीची अर्धी मॅच फी कापली गेली.

मूठ वळून वर-खाली हलवणं. आपण बाटली हलवून दाखवायला किंवा सोंगट्या टाकायची नक्कल करायला असं करतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात सैल मूठ कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर अशी हलवली की तो हस्तमैथुनाचा इशारा होतो. फुटबॉल सामन्यात आणि रस्त्यावर तो सर्रास दिसतो. औषधाची बाटली हलवायला सांगायची असेल तर तोंडाने सांगा.

अंगठा-तर्जनीचं वर्तुळ. ‘मस्त’ या अर्थाने आजही बहुतेक वेळा चालतं. मात्र २०१७ पासून अमेरिकेत गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी ते उचललं, आणि २०१९ मध्ये अँटी-डिफेमेशन लीग या तिथल्या द्वेषविरोधी संस्थेने द्वेषचिन्हांच्या यादीत त्याची नोंद केली. बोलताना केलं तर हरकत नाही. ग्रुप फोटोत, कंपनीच्या ओळखपत्राच्या फोटोत आणि प्रोफाइलवर टाळा. तिथे संदर्भ उरत नाही, फक्त हात उरतो.

चुटकी, शुक-शुक, बोटाने बोलावणं. हॉटेलात वेटरला असं बोलावलं की त्या टेबलाची सेवा तिथेच संपते. नजर मिळवा, हात खांद्यापर्यंत उचला.

जिभेचा ‘च्च’. ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो आहे. कुणी आईच्या आजारपणाचं सांगितलं की आपण ‘च्च च्च’ करतो, म्हणजे हळहळतो. एकच ‘च्’ केला तर तो ‘नाही’ होतो. इंग्रजीत हाच आवाज नापसंतीचा आहे, लहान मुलाला दटावताना काढतात तो. आईला कॅन्सर झाल्याचं सांगणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही नावं ठेवताय असं वाटेल. ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणा. कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकी मुळांच्या माणसांत याचा सख्खा शेजारी आहे: दातांतून हवा ओढत काढलेला लांब चोखल्यासारखा आवाज. तो उघड तुच्छतेचा असतो, आणि लंडनमध्ये रोज कानावर पडतो.

बोंब. परदेशातल्या होळीला तोंडावर उलटा हात मारून बोंब मारायची लहर येते. अमेरिका आणि कॅनडात तोंडावर हात मारून ओरडणं म्हणजे तिथल्या मूलनिवासींची टिंगल समजली जाते. २०१२ साली बोस्टनमध्ये एका सिनेटरच्या कर्मचाऱ्यांनी प्रचारात असाच आवाज काढला आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. मंडळाच्या होळीत, आपल्याच माणसांत असाल तर ठीक. सार्वजनिक बागेत होळी असेल तर ढोल-ताशावर भागवा.

प्रतिज्ञेचा हात. ‘भारत माझा देश आहे’ म्हणताना आपण शाळेत उजवा हात सरळ समोर धरायचो. १५ ऑगस्टला परदेशात मुलांना तसं उभं केलं आणि फोटो बाहेर गेला, तर बघणाऱ्याला नाझी सॅल्यूटच दिसतो. अमेरिकेतही राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेला पूर्वी असाच हात पुढे करत. नाझींशी साम्य नको म्हणून डिसेंबर १९४२ मध्ये ती पद्धत बंद करून हात हृदयावर आणला. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२४ पासून नाझी सॅल्यूट केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शाळेच्या प्रतिज्ञेमागे तो हेतू नाही हे खरं, पण लहान मुलांच्या फोटोवरून खुलासे करत बसण्यापेक्षा हात छातीवर ठेवायला शिकवा. दारातल्या स्वस्तिकाचं वेगळं आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घातली तेव्हा हिंदू, जैन आणि बौद्ध वापराला स्पष्ट सूट ठेवली. तरी शेजारी नवे असतील तर रांगोळी काढण्याआधी दोन वाक्यांत ओळख करून द्या.

## पायरी ३: देश बदलला की उलटणारे शब्द

पाठ करायची यादी छोटी आहे.

- फॅनी: अमेरिकेत ढुंगण, तेही सौम्य. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात स्त्रीच्या गुप्तांगाला असभ्य शब्द. कमरेच्या पाऊचला अमेरिकन ‘फॅनी पॅक’ म्हणतात. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात दुकानात ‘बम बॅग’ मागा.
- रूट: अमेरिकेत ‘रूटिंग फॉर यू’ म्हणजे तुझ्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये रूट म्हणजे संभोग. संघाला पाठिंबा द्यायला ऑस्ट्रेलियन ‘बॅरक’ वापरतात.
- राइड: आयर्लंडमध्ये ‘मला राइड देतोस का’ असं सहकाऱ्याला विचारू नका, तो सरळ शरीरसंबंधाचा प्रश्न होतो. ‘लिफ्ट’ म्हणा. आपल्याकडून ही चूक हमखास होते, कारण ॲपवरच्या टॅक्सीमुळे ‘राइड’ तोंडात बसलाय.
- थाँग्स: ऑस्ट्रेलियात रबरी चपला. ब्रिटन-अमेरिकेत अंतर्वस्त्र. न्यूझीलंडमध्ये चपलेला ‘जँडल्स’.
- पँट्स: ब्रिटनमध्ये आतली चड्डी. बाहेरच्या कपड्याला ‘ट्राउझर्स’.
- रबर: अमेरिकेत निरोध. खोडरबर हवं असेल तर ‘इरेझर’.
- फॅग: ब्रिटनमध्ये सिगारेट. अमेरिकेत समलिंगी पुरुषांना दिलेली अत्यंत घाणेरडी शिवी.
- पिस्ड: अमेरिकेत चिडलेला, ब्रिटन-आयर्लंड-ऑस्ट्रेलियात दारू चढलेला. ब्रिटिश मॅनेजरला ‘काल मी पिस्ड होतो’ असं लिहिलंत तर तो वेगळंच समजेल.

## पायरी ४: शिवीचं वजन ओळखा, उचलू नका

‘ब्लडी’ घ्या. आपल्याकडे ‘ब्लडी फूल’ अंगावर धावून जाताना म्हणतात. ब्रिटनमध्ये तो सौम्य गटात आहे, ऑस्ट्रेलियात जवळजवळ मिठासारखा, अमेरिकेत फक्त इंग्रजी वळणाचा वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन मोहिमेने २००६ साली जाहिरातीच्या घोषवाक्यातच हा शब्द घातला. ब्रिटिश टीव्हीवर ती जाहिरात आधी अडवली गेली, नंतर सोडली. एकाच शब्दाची ही दोन घरं.

‘सी-वर्ड’ म्हणतात तो, स्त्रीच्या गुप्तांगावरून आलेला चार अक्षरांचा शब्द अमेरिकेत स्त्रीला उद्देशून उच्चारला तर नोकरी जाऊ शकते. ग्लासगो किंवा सिडनीत जुने मित्र एकमेकांना त्याच शब्दाने हाक मारताना ऐकाल. ‘वँकर’, ‘टॉसर’ आणि ‘बॉलक्स’ अमेरिकन माणसाला मजेशीर वाटतात, ब्रिटनमध्ये ते खरे अपशब्द आहेत. आयर्लंडमधला ‘फेक’ मात्र ‘एफ-वर्ड’चा, म्हणजे एफ अक्षराने सुरू होणाऱ्या संभोगवाचक शिवीचा, सौम्य भाऊ आहे, आजीसुद्धा म्हणते.

इथला मोठा सापळा सांगतो. ऑफिसातले सगळे एफ-वर्ड वापरतात म्हणून नवा माणूसही दुसऱ्या आठवड्यात सुरू करतो. शिवी कुणी, कुणाला, किती वर्षांच्या ओळखीवर दिली हे तिथल्या माणसाला लहानपणापासून कळतं. शिवाय परक्या उच्चारात ती जास्त टोचते, कारण लय चुकते आणि थट्टेचा सूर हरवतो. पहिले सहा महिने ऐका, मनात नोंद करा, वापरू नका. तुम्ही शिवी देत नाही म्हणून कुणी कमी लेखत नाही.

ऑस्ट्रेलियन ‘मेट’चा सूरही ऐकून ठेवा. आखूड आणि हलका असेल तर मैत्री. ‘लिसन, मेट’ असं सावकाश आलं तर समोरचा चिडलाय.

## पायरी ५: हे शब्द कुठेच नाहीत

इथे देश बघायची गरज नाही, थट्टेतही नको.

‘पाकी’ हा शब्द आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पांत पाकिस्तानी खेळाडूंसाठी सहज येतो. ब्रिटनमध्ये तो सगळ्या दक्षिण आशियाई माणसांना, म्हणजे तुम्हालाही, मारहाण करताना वापरला गेलेला शब्द आहे. तुम्ही भारतीय आहात म्हणून तो तुमच्या तोंडी चालत नाही. भारत-पाक सामना पबमध्ये बघताना आणि व्हॉट्सॲपवर लिहितानाही ‘पाकिस्तानी’ असा पूर्ण शब्द वापरा.

एन-वर्ड, म्हणजे एन अक्षराने सुरू होणारी कृष्णवर्णीयांना दिलेली शिवी, गाण्यातसुद्धा म्हणू नका. कॅरिओकेत तो शब्द आला तर तेवढा सोडून द्या. जुन्या मराठी पुस्तकांतला ‘निग्रो’ आज अपमान आहे. अमेरिकेने २०१६ साली हा शब्द आणि ‘ओरिएंटल’ हे दोन्ही आपल्या केंद्रीय कायद्यांच्या मजकुरातून काढले. ‘ब्लॅक’ हे विशेषण चालतं. ‘कलर्ड’ दक्षिण आफ्रिकेत एका समाजाचं रुळलेलं नाव आहे, ब्रिटन-अमेरिकेत अपशब्द. ‘रेड इंडियन’ अजिबात नको: अमेरिकेत ‘नेटिव्ह अमेरिकन’, कॅनडात ‘इंडिजिनस’ म्हणा.

दक्षिण आफ्रिकेत ‘काफिर’ या उच्चाराचा शब्द कृष्णवर्णीयांसाठीची सर्वांत भयंकर शिवी आहे. २०१८ साली तिथे एका बाईला तो वापरल्याबद्दल तुरुंगवास झाला. थाई रस्स्यात घालायच्या त्या नावाच्या लिंबाच्या पानांनाही ‘मकरूट’ म्हणा. दक्षिण आफ्रिकेत आणि त्रिनिदाद-गयानामध्ये ‘कुली’ ही भारतीय वंशाच्या माणसांना दिलेली शिवी आहे. आपल्याला तो स्टेशनवरचा हमाल वाटतो.

माकडाची नक्कल आपण पोरांना हसवायला करतो. कृष्णवर्णीय किंवा मूलनिवासी माणसासमोर ती वांशिक शिवी आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून माकडाच्या नकला करणाऱ्या प्रेक्षकांवर मुंबई पोलिसांनी कारवाई केली होती.

अपंगत्वावरून आलेले शब्दही याच यादीत. ‘स्पॅस्टिक’ आणि त्याचं आखूड रूप ब्रिटनमध्ये इतकं दुखावणारं ठरलं की तिथल्या स्पॅस्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये ‘स्कोप’ असं नाव घेतलं. मुंबईत १९७२ साली सुरू झालेली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाही आता ‘अडॅप्ट’ या नावाने काम करते. ‘रिटार्डेड’ अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांतून २०१० साली गेला.

## पायरी ६: आपलं मराठी त्यांना कसं ऐकू येतं

लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या पॅन्ट्रीत घरी फोन लावलात की तीन शब्दांकडे लक्ष ठेवा. ‘फक्त’ एफ-वर्डसारखा ऐकू येतो. ‘कंटाळा’ची सुरुवात हुबेहूब सी-वर्ड. आणि ‘चला, निघा आता’ मधला ‘निघा’ सरळ एन-वर्ड वाटतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्राध्यापकाने चिनी भाषेतला भरीचा शब्द उदाहरण म्हणून उच्चारला. तो एन-वर्डसारखा वाटल्याने तक्रार झाली आणि त्यांना त्या वर्गापासून बाजूला केलं. चौकशीत नियमभंग आढळला नाही, पण मनस्ताप झालाच. मराठी बोलणं थांबवू नका, ते तुमचं आहे. फक्त गर्दीत ‘निघा’ऐवजी ‘चला’ म्हणा, आणि कुणी वळून बघितलं तर शांतपणे ‘माय लँग्वेज, मराठी’ एवढं सांगा.

नावांचंही बघा. दीक्षित आणि शीतल यांच्या काही स्पेलिंगमध्ये एस-एच-आय-टी ही चार अक्षरं ओळीने येतात आणि संकेतस्थळांची गाळणी ते नाव नाकारते. हा त्रास फक्त आपल्याला नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावातच सी-वर्ड दडलेला आहे. व्हिसा, बँक, पगार इथे पासपोर्टचंच स्पेलिंग ठेवा, त्यात एका अक्षराचाही बदल करू नका. ईमेलचं दर्शनी नाव, लिंक्डइन, चॅट इथे एक्सचं किंवा डबल-ईचं स्पेलिंग चालतं. खातं अडलं तर पासपोर्टच्या पानाची प्रत जोडून मदत कक्षाला लिहा.

## पायरी ७: हाक आणि मायना

चॅटवर सहकारी बाईला ‘हाय डिअर’ लिहू नका. आपल्याला ते आपुलकीचं वाटतं, तिला लगट वाटते. पत्राच्या मायन्यात ‘डिअर’नंतर नाव आलं की ठीक. अनोळखी बाईला ‘आंटी’ नको. ऑस्ट्रेलियात ‘आंटी’ आणि ‘अंकल’ हे आदिवासी ज्येष्ठांचे मानाचे संबोधन आहेत, तिथे ते आदराने घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘मॅम’ सभ्य, ब्रिटनच्या ऑफिसात अवघड. कृष्णवर्णीय पुरुषाला, मग तो पोरसवदा का असेना, ‘बॉय’ कधीच नाही.

## पायरी ८: रस्त्यावर

हॉर्न हाच तिथे हातवारा आहे. ब्रिटनमध्ये वस्तीच्या भागात रात्री ११:३० ते सकाळी ७ हॉर्न वाजवायला बंदी आहे, आणि दिवसाही विनाकारण वाजवलेला हॉर्न शिवी समजतात. कुणी वाट दिली तर स्टिअरिंगवरून हात उचलून आभार माना, तळवा पुढे ठेवून.

मधल्या बोटाबद्दल कायदा विचाराल तर अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने २०१९ मध्ये पोलिसाला बोट दाखवणं हे अभिव्यक्तीच्या हक्कात बसतं असं ठरवलं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात उलट, सार्वजनिक जागी किंवा शाळेजवळ अर्वाच्य भाषा हा १९८८ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पोलीस जागेवर दंडाची पावती देऊ शकतात. अमेरिकेतल्या हक्काच्या भरवशावर राहू नका. समोरच्या गाडीत बंदूक असू शकते.

## पायरी ९: चूक झालीच तर

दोन वाक्यं पुरेत: ‘सॉरी, मला माहीत नव्हतं. पुन्हा होणार नाही.’ ‘आमच्याकडे चालतं’ हे वाक्य गिळा, ते समोरच्याला सबब वाटतं. तो शब्द समजावून सांगताना पुन्हा उच्चारू नका, ‘मी वापरलेला शब्द’ म्हणा. तक्रार झालीच असेल तर एचआरला भेटण्याआधी त्या दिवशीच काय बोललात, कोण हजर होतं, काय संदर्भ होता हे लिहून काढा. कॉलेजात विद्यार्थी संघटनेचा सल्लागार मोफत मिळतो, एकटे जाऊ नका.

आणि उलट घडलं, तुम्हालाच कुणी पाचव्या पायरीतला शब्द ऐकवला, तर उत्तरादाखल शिवी देऊ नका. वेळ, बसचा नंबर किंवा जागा, आणि शब्द जसाच्या तसा टिपून घ्या. ब्रिटनमध्ये धोका टळलेला असेल तर १०१ वर, अंगावर कुणी येत असेल तर ९९९ वर फोन करा आणि ‘हेट क्राइम’ हा शब्द वापरा. म्हणजे नोंद त्या सदरात होते.